टिकलीचं दुसरं लेकरू

टिकलीचं कोकरू सकाळी मेलं आणि दुपारी मामा खांद्यावरच्या घोंगडीत लांडग्याचं पिल्लू गुंडाळून घेऊन आले.

मामा म्हणजे माझे सासरे, सिदू कोळेकर. आम्हा धनगरांत सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. माणदेशातल्या एका उघड्या माळावर आमचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे काही दगडविटांचा नव्हे. दोन पालं, तीन दगडांची चूल, आणि मेंढरं कोंडायला जाळीची वाघर. थंडीचे दिवस होते.

"काय आनलं?" आत्यांनी चुलीपुढनंच विचारलं.

"पावना."

मामांनी घोंगडी उलगडली. आत मुठीएवढं काळपट तपकिरी काहीतरी होतं. तोंड बोथट, छातीवर पांढरा ठिपका, डोळे नुकतेच उघडलेले. अंगाला धुराचा वास येत होता. आमचा कुत्रा वास घेऊन दोन पावलं मागं सरला आणि गुरगुरायला लागला, तेव्हा मला कळलं की हे कुत्र्याचं नव्हे.

"लांडगं?" आत्या उठून उभ्याच राहिल्या. "डोकं फिरलं का काय तुमचं?"

"त्या वरल्या वस्तीवरच्यांनी बीळ बुजवलं, म्हाकू. शेळ्या नेल्या म्हून काटं कोंबलं, धूर घातला, वर दगडं रचली. त्येंची पाठ वळली तसा मी दगडं उपसायला लागलो. बाकीची समदी गुदमरून ग्येली. ह्येवढं एक तळाला ऱ्हायलं हुतं."

मामांना लांडग्याचा पुळका होता असं कुणी समजू नये. लांडग्यानं त्यांची कितीतरी मेंढरं खाल्ली होती आणि मामा एकदा सुरू झाले की एकही शिवी पुन्हा न वापरता घटकाभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण जितराब मारणाऱ्या लांडग्याला गोफणीनं हाणणं वेगळं आणि बिळात निजलेली पिल्लं बुजवणं वेगळं, असं ते म्हणायचे. बिरोबाच्या माळावर असलं काही झालं की कळपाचं दूध आटतं, ही त्यांची पक्की समजूत होती. आणि देवाला घाबरणारा माणूस माणसांना घाबरत नाही, हे मी त्यांच्यात पाहिलं.

हिरेमठसाहेब म्हणून तिथले वनपाल होते. खबर लागताच ते फटफटीवरून आले. पिल्लू बघून आधी त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग खाली मांडीच घातली.

"सिदूबा, ह्या सगळ्या माळावर आता एकच जोडपं उरलंय. लोकांना वाटतं लांडगा जंगलात राहतो. त्याला जंगल कशाला हवंय? त्याला असला गवताचा उघडा माळ लागतो, आणि माळ म्हणजे पडीक जमीन समजून जो तो नांगर घालतोय. हे पिल्लू पिंजऱ्यात नेलं तर जगेल कदाचित, पण मग ते लांडगा राहणार नाही."

"मग ठिवा की परत बिळात," आत्या म्हणाल्या.

"तिथं वस्तीवरची पोरं काठ्या घेऊन बसलीत, मावशी. त्यांचा राग थंड होऊ दे. मादी दुसरं बीळ धरेल, ते मी शोधतो. तोवर हे जगवा. पण दूध कुठलं द्यायचं?"

सगळ्यांची नजर एकाच वेळी वाघरीकडं गेली. तिथं माझी टिकली मेलेल्या कोकरावर मान घालून उभी होती.

टिकली माझी होती. खरं म्हणजे त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. लग्नात माझ्या भावानं तिला खांद्यावर घालून आणली होती. काळीभोर मेंढी आणि कपाळावर पांढरा ठिपका. सासरी पहिल्या पहिल्यांदा मला रडू यायचं तेव्हा मी तिच्याच पाठीत तोंड खुपसायची. पहिलं वेत, आणि कोकरू दोन दिवसही जगलं नाही. तिची कास तटतटली होती आणि ती मेलेल्या पोराला खुरानं उठवत होती.

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सुबा, इळा आन. कातडं काढू या."

धनगराच्या बाईला हे सांगावं लागत नाही. मेंढी परकं कोकरू कधी पाजत नाही. वास घेते आणि लाथ घालते. म्हणून मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं घालतात. आई शेपटीकडचा वास घेते, आपलंच म्हणते आणि पाजते. मग रोज थोडं थोडं कातडं कापून कमी करायचं. तोवर तिचं दूध त्याच्या पोटातून फिरलेलं असतं. कातडं पुरं निघेपर्यंत मेंढीनं त्या पोरक्याचा स्वतःचा वासच आपल्या लेकराचा म्हणून धरलेला असतो.

हे आम्ही पिढ्यानपिढ्या करत आलो होतो. लांडग्यावर कुणी केलं नव्हतं, इतकंच.

मी रडत रडत कातडं काढलं. आत्यांनी त्याला चार भोकं पाडली आणि पिल्लाला त्यात घातलं. मामांनी टिकलीची मान धरली. तिनं पहिल्यांदा हुंगलं आणि एक लाथ झाडली. पुन्हा हुंगलं. बराच वेळ हुंगत राहिली. आणि मग तिच्या घशातून तो आवाज निघाला. मेंढी ओरडते ती बें बें सगळ्यांना ठाऊक असते. हा आवाज त्यातला नव्हे. तोंड मिटून, घशातल्या घशात, फक्त आपल्या लेकराशी बोलतानाच ती तो काढते. आवाज निघाला आणि टिकलीनं मागचे पाय फाकवले.

"घ्येतलं!" आत्या ओरडल्या.

हिरेमठसाहेब तोंडात बोट घालून बघत होते. पिल्लाचे दात सुईसारखे होते, म्हणून दर वेळी ते मी दोन्ही हातांत धरून सडाला लावायची. त्याचं पोट माझ्या तळव्यात भरत जाताना कळायचं.

चार दिवसांनी आत्यांनी त्याच्या डाव्या कानाला चीर दिली. आमच्या कळपाची ती खूण. प्रत्येक कोकराच्या कानाला असते. नेमके हिरेमठसाहेब तेव्हाच आले.

"अहो मावशी, हे सरकारी जनावर आहे! कान कसला कापता?"

"सरकारनं पाजलंय का? आमच्या मेंढीनं पाजलंय. मग खून आमची."

साहेब हसले. सगळेच हसले. त्या महिन्यात आमच्या वाड्यावर जेवढं हसू झालं तेवढं पुढं कधी झालं नाही.

फक्त तिन्हीसांजेला कुणी हसत नसे. दिवस मावळला की उतारावरून ती हाक यायची, पिल्लाच्या आईची. आधी खाली, मग चढत जाणारी, मग लांबच लांब. मेंढरं वाघरीच्या मधोमध एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोळा व्हायची. कुत्री भुंकून भुंकून घसा बसवून घ्यायची. आणि टिकलीच्या पोटाखालून ते पिल्लू तोंड वर करून बारीक, चिरका सूर काढायचं. टिकली वळून त्याला चाटायची. मी आत्यांना चिकटून बसायची. कुणाचं तरी पोर आपण ठेवून घेतलंय आणि ती दारात उभी राहून मागतेय, असं मला दर संध्याकाळी वाटायचं.

कातडं रोज थोडं कमी होत गेलं. शेवटी शेपटीजवळचा तुकडाही आत्यांनी कापला. आता अंगावर नुसतं लांडग्याचंच कातडं होतं. आम्ही श्वास धरून बघत बसलो. टिकलीनं नाक लावलं, नुसता लांडग्याचा वास घेतला, आणि घशातल्या घशात बोलली. आत्यांनी दोघांवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. आम्ही सगळे खूश होतो. एकालाही कळलं नाही.

महिनाभरानं साहेबांना दुसरं बीळ सापडलं. संध्याकाळी आम्ही पिल्लू तिथं ठेवलं आणि लांब तरवडाच्या झुडपाआड पडून राहिलो. आई आली. पिवळट, हडकुळी, उंच पायांची. तिनं पिल्लाला उलटंपालटं केलं, सगळं अंग हुंगलं, तो चिरलेला कान चाटत राहिली. आम्हाला वाटलं, मेंढीचा वास येतोय, टाकून जाते का काय. तिनं त्याला मानगुटीला धरलं आणि निघून गेली. हिरेमठसाहेबांनी टोपी काढून डोळे पुसले.

टिकली आठवडाभर उताराकडं तोंड करून ओरडली. मग गप्प झाली. विसरली, असं आम्ही म्हटलं.

उन्हाळ्यात आमचा वाडा खालच्या अंगाला, नदीकाठाला गेला. मला दिवस गेले. घरात माझं कौतुक सुरू झालं. आत्या मला जड उचलू देईनात. माझे मालक धुळा, एरवी मान वर न करणारे, तेही बाजारातून गूळ आणून गुपचूप माझ्या हातात ठेवायचे. भादव्यात आम्ही पुन्हा त्याच माळावर आलो तेव्हा मला सातवा लागला होता.

पहिल्याच तिन्हीसांजेला उतारावरून हाक आली. आता एक नव्हती, दोनतीन गळे होते. कळप नेहमीसारखा मध्ये गोळा झाला. टिकली एकटी कळपातून बाहेर निघाली, वाघरीच्या जाळीला येऊन चिकटली, आणि उताराकडं तोंड करून ओरडायला लागली.

मामा भाकरी खात होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"तिला वास कळंना झाला का काय?" मालकांनी विचारलं.

"कळतोय," मामा म्हणाले. "त्योच तर घोळ झालाय, धुळा."

मग त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. जगातल्या प्रत्येक मेंढीला ज्या वासानं पळ सुटतो, तो वास आम्ही माझ्या मेंढीला लेकराचा म्हणून शिकवला होता.

तिच्या एकटीपुरतं असतं तरी चाललं असतं. पण मेंढरू मेंढराच्या मागं जातं. दुसऱ्या दिवशी चरता चरता टिकली उताराकडं चालू लागली आणि अर्धी खांड तिच्या मागं, माना खाली घालून, निमूट. कुत्र्यांनी आणि मालकांनी धावून कशीबशी वळवली. संध्याकाळी मामा माझ्यासमोर येऊन बसले. सासरा सुनेसमोर असा बसत नाही.

"सुबा, हिला बाजारला न्यावी लागल."

"मामा, भाकड मेंढी बाजारात कोण घेतंय? खाटीकच."

"व्हय."

"ती माझ्या माहेरची हाय."

"म्हून तर तुला इचारतोय. न्हाईतर इचारलं नसतं." ते खाली माती उकरत बसले. "एक मेंढी का समदी खांड, तूच सांग बाई."

मी त्यांच्या पायाला हात लावला. म्हटलं, दोरीनं बांधून ठेवीन, कळपापासनं लांब, मीच चारीन, तुम्हाला तोशीस नाही लागू देणार. आत्या मध्ये पडल्या. "पोटुशी हाय ती. तिचं मन मोडू नगा." पुढचा बाजार होईपर्यंत बघू, असं मामा म्हणाले. टिकलीला तेवढं जगणं मिळालं, आणि ते लांबवणं माझ्या हातात होतं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी तिला उताराच्या उलट अंगाला, ओढ्याकडं चारायला नेलं. दोरी मनगटाला गुंडाळली होती. ऊन कलल्यावर परत फिरले. हाक आली नव्हती, कुत्रं भुंकलं नव्हतं. गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि वारा समोरून येत होता.

टिकली थांबली. तिनं नाक वर केलं.

पुढच्या क्षणी दोरी माझ्या हातातून सरकत गेली. तळवा सोलपटला. पोट घेऊन मला धरवलं नाही. ती पळत सुटली आणि मी मागं, "टिकले, टिकले" करत.

टेकाडावर गवतात एकच लांडगा उभा होता. वाळल्या गवताच्या रंगाचा, पाय लांब, अजून अंग न भरलेला. डाव्या कानाला चीर होती.

टिकली सरळ त्याच्याजवळ गेली. शेपटीकडं वळून हुंगलं. आणि घशातल्या घशात बोलली. मला इतक्या लांबून तो आवाज आला की नाही कोण जाणे, पण तिची मान हलताना मला दिसली. लांडग्यानं कान मागं पाडले. शेपूट खाली घालून हलवायला लागला. तो आता तिच्याएवढाच उंच झाला होता. म्हणून त्यानं पुढचे गुडघे मोडले, मान वाकडी केली आणि तोंड तिच्या पोटाखाली घातलं. टिकलीनं मागचे पाय फाकवले. दूध कधीच आटलं होतं. त्यानं एकीकडनं पाहिलं, दुसरीकडनं पाहिलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? आता मामांना बोलावून दाखवावं, म्हणजे ते हिला बाजारला नेणार नाहीत, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं.

मग गवतातून दोन मोठे लांडगे उठले. ते घाईत नव्हते. मादी मी ओळखली. ती फिरून टिकलीच्या तोंडासमोर आली. टिकलीनं तिच्याकडं पाहिलं आणि जागची हलली नाही. पाजणारी मेंढी हलत नाही. दुसऱ्यानं बाजूनं येऊन तिचा गळा धरला. तरी तिचे मागचे पाय तसेच फाकलेले होते. पोटाखालच्याला काही कळलंच नाही. ती त्याच्या अंगावर कोसळली तेव्हा तो दचकून बाजूला झाला, उभा राहिला, मग रक्त हुंगलं. मग त्यानंही तोंड घातलं. त्याला भूक लागली होती.

आता त्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि प्लॉटांचे दगड रोवलेत. हिरेमठसाहेब कधीच वारले. त्यांच्या जागी नवी पोरंपोरी येतात, लांडग्याचा आवाज पकडायचं यंत्र झाडाला बांधून जातात, आणि काही आलं नाही म्हणून काढून नेतात. मागच्या महिन्यात त्यातल्या एका मुलीनं मला विचारलं, "आजी, तुम्ही शेवटचा लांडगा कधी बघितला?" मी म्हटलं, आठवत नाही. तिन्हीसांजेला लेकाच्या पक्क्या घरात टीव्ही लावलेला असतो, सून भाकऱ्या थापत असते, आणि मला उतारावरची हाक येते. मी इकडंतिकडं बघते. कुणाची मान वळलेली नसते. पण त्या मुलीला जे सांगितलं नाही ते इतकंच नव्हे.

त्या दिवशी टेकाडाखाली माझ्या हातात काठी होती. मी ओरडले असते तर कुत्री आली असती. त्या कान चिरलेल्यानं मान वर केली आणि मला पाहिलं. मोठे दोघं खायचे थांबले. पोटात बाळ फिरलं. पळावं, हे मला कळत होतं. इतकं साफ कधी काही कळलं नव्हतं.

आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "ये."

तो आला. डोकं खाली, शेपूट हलवत, तोंड लाल. टिकलीपासून माझ्यापर्यंत तो सरळ रेषेत आला, जसं काही एकीकडून उठून दुसरीकडं. त्यानं माझा सोलपटलेला तळवा हुंगला, चाटला. मग नाक माझ्या पोटाला लावलं आणि तसाच राहिला. लुगड्यातून त्याचा श्वास मला गरम लागत होता. मी उभी होते. मी एक पाऊलही मागं घेतलं नाही.

मागून मामांची आरोळी आली आणि कुत्री सुटली. मादीनं एकदाच बारीक आवाज केला. तो वळला आणि तिच्या मागं गवतात गेला.

मामा धापा टाकत आले. त्यांनी टिकलीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. लुगड्यावर, पोटावर, रक्ताचा ओला डाग पडला होता. त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"अंगावर आलं हुतं?"

"न्हाय."

"मग वरडली का न्हाईस? एवढ्या जवळ आलं, वरडायचं न्हाईस का, पोरी?"

मी पदर पुढं ओढून डाग झाकला.

"तोंडातनं आवाजच फुटला न्हाय, मामा," मी म्हणाले.